अमूर्त जलरंगचित्र पाहताना पाण्याच्या मागोमाग जा

‘आमच्या बेडरूमच्या छताला जुलैत अस्संच होतं बघ!’ आमच्या हॉलमधलं जलरंगचित्र पाहून शेजारचे काका म्हणाले, तेव्हा बायकोने हळूच माझ्याकडे पाहिलं, मला राग आला का म्हणून. राग कसला? काकांनी नकळत अर्धं चित्र ओळखलं होतं. छतावरची ओल आणि कागदावरचा रंगाचा डाग, दोन्ही पाण्याचीच करणी. पाणी झिरपतं, पसरतं, कडेला जाऊन सुकतं आणि सोबत आणलेलं सगळं तिथे टाकून देतं. ठाण्यात जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. प्रश्न उरतो तो बाकीच्या अर्ध्याचा. छतावरचा डाग दिसला की आपण वॉटरप्रूफिंगवाल्याला फोन करतो आणि कागदावरच्या डागाला फ्रेम करतो, ते का?

आधी ते चित्र सांगतो. हाफ शीट, म्हणजे साधारण १५ बाय २२ इंचांचा आडवा कागद. वरच्या मोठ्या भागात राखाडी निळा वॉश, म्हणजे भरपूर पाण्यात पसरवलेला पातळ रंग, खाली येता येता विरळ होत गेलेला. मग डावीकडून उजवीकडे तिरकी उतरणारी पांढरी पट्टी. तिच्यावर रंगच नाही. पट्टीच्या खाली शेवाळी तपकिरी गडद भाग, आणि त्यात कातरलेल्या कडांचा एक फिकट डाग. उजव्या बाजूला, पट्टीला अगदी खेटून, अंगठ्याएवढा गुलाबीसर लाल ठिपका. संपलं. क्षितिज नाही, होडी नाही, माणूस नाही. ठाण्यातल्याच एका चित्रकार मित्राने केलेलं आहे. मागे सही आणि साल आहे, चित्राला नाव मात्र नाही.

नाव नसलं की पाहुणे ते ठेवतात. आत्याला त्यात खाडी दिसली, ऐरोलीच्या पुलावरून ओहोटीच्या वेळी दिसते तशी. वर भरून आलेलं आभाळ, मध्ये पाण्याची चकाकती रेघ, खाली चिखल. लाल ठिपका म्हणजे अर्थातच फ्लेमिंगो. (खरं तर पावसाळी आभाळ दाटून येईपर्यंत बहुतेक फ्लेमिंगो खाडी सोडून गेलेले असतात, पण चित्राला पंचांग कोण विचारतो.) भाच्याला तोच ठिपका घोडबंदर रोडवरच्या गाडीचा ब्रेक लाइट वाटला. रोज त्या रस्त्याने कॉलेजला जाणाऱ्याला दुसरं काय दिसणार?

असं काही दिसलं तर लाजायचं कारण नाही. ढगात हत्ती आणि फरशीच्या नक्षीत चेहरे शोधणं ही मेंदूची जुनी खोड आहे, ती चित्रासमोर उभं राहिल्यावर थोडीच जाणार? अडचण त्याच्या पुढची आहे. एकदा ‘खाडी’ म्हटलं की डोळ्यांना वाटतं, झालं काम. कोडं सुटलं, चला चहा घ्या. मग पट्टी तिरकीच का, डाग तिथेच का, ठिपका एवढाच का आणि एकच का, हे बघायचं राहून जातं. आणि चित्र तर तिथेच आहे.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्यांना एक आठवण करून देतो. स्मरणचित्राच्या पेपरात बाजार बाजारासारखा दिसावा लागे, भाजीवाली भाजीवालीसारखी. पण संकल्पचित्राच्या पेपरात? चौकोन, वर्तुळं, वळणदार रेषा, पानाफुलांचे मोडूनतोडून घेतलेले आकार, आणि वर सूचना की उष्ण रंगसंगती वापरा. तिथे कुणी ‘हे काय काढलंय?’ असं विचारलं नाही. तोल साधलाय का, रंग एकमेकांना धरून आहेत का, मोकळी जागा राखली आहे की घाबरून भरून टाकली आहे, एवढंच सर बघायचे. अमूर्त चित्र पाहायला लागणारी निम्मी तयारी सरकारी परीक्षेने आपल्याकडून शाळेतच करून घेतली होती. पुढे आपण ती विसरलो आणि स्मरणचित्राचे नियम दिसेल त्या चित्राला लावत सुटलो.

उरलेली निम्मी तयारी पाण्याची आहे, आणि ती जरा सावकाश समजून घेण्यासारखी आहे.

जलरंगाच्या ट्यूबमध्ये मुख्यतः दोनच गोष्टी असतात. एक, रंगद्रव्याची बारीक पूड. दुसरी, ती कागदाला धरून ठेवणारा डिंक, बाभळीच्या कुळातल्या झाडांचा. पोस्टर कलर खालचं सगळं झाकून टाकतो. पारदर्शक जलरंग तसा नाही, त्याचा थर इतका पातळ असतो की उजेड त्यातून आत शिरतो, कागदाच्या पांढऱ्यावर आपटतो आणि त्याच थरातून परत बाहेर येतो. म्हणजे आपल्या डोळ्यांपर्यंत येणारा उजेड रंगातून दोनदा गाळून आलेला असतो. चांगलं जलरंगचित्र आतून उजळल्यासारखं दिसतं त्याचं कारण एवढंच. म्हणून या माध्यमात पांढरा रंग सहसा वापरतच नाहीत. पांढरं हवं असेल तर तिथला कागद सोडायचा, आणि एकदा रंग पडला की ते शुभ्र पांढरं पूर्णपणे परत मिळत नाही.

म्हणून जलरंगचित्रासमोर उभं राहिलात की सगळ्यात आधी पांढरं शोधा. तैलचित्रात पांढरं बहुधा शेवटी येतं, उजेडाचा शेवटचा हात म्हणून. इथे ते पहिल्या क्षणापासून राखावं लागतं. आमच्या चित्रातली ती पट्टी म्हणजे मित्राने केलेलं सगळ्यात मोठं काम, आणि तिथे त्याने ब्रश लावलेलाच नाही.

आता पट्टीच्या दोन कडा बघा. वरची कड मऊ आहे. निळा रंग कुठे संपला आणि कागद कुठे सुरू झाला, बोट ठेवून सांगता येत नाही. याचा अर्थ तो वॉश टाकला तेव्हा कागद ओला होता. ओल्यावर ओलं पडलं की रंग पाण्याबरोबर वाहत जातो आणि दमला की थांबतो. खालची कड मात्र सुरीने कापल्यासारखी. म्हणजे गडद रंग लावला तेव्हा तिथला कागद पूर्ण कोरडा होता. दोन कडा वाचल्या आणि चित्राचा क्रम हाती आला: आधी आभाळी रंग, मग सुकेपर्यंतची वाट, मग खालचा गडद भाग. मास्किंग फ्लुइड (कागदावर आधी लावून नंतर सोलून काढायचा रबरी द्रव) लावून पट्टी राखली असती तर दोन्ही कडा सारख्याच कडक आल्या असत्या. इथे एक कड पाण्याने ठरवली आणि दुसरी हाताने. मला विचाराल तर हा फरक कळला की अमूर्त जलरंगाचं दार उघडलं. मग चित्र भिंतीवरची एक गोष्ट राहत नाही, ते घडताना दिसायला लागतं.

कडेबद्दल आणखी एक. सुकलेल्या डागाची कड बरेचदा मधल्या भागापेक्षा गडद असते. सांडलेल्या चहाच्या थेंबाचा सुकलेला डाग आठवा. त्यात पाणी नेमकं काय करतं, हे शिकागोतल्या संशोधकांनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये उलगडून दाखवलं. थेंबाची कड पृष्ठभागाला चिकटून बसते. तिथलं पाणी लवकर उडून जातं, ती भरपाई करायला मधलं पाणी कडेकडे सरकतं आणि पाण्याबरोबर बारीक कणही. पाणी गेलं, कण कडेला उरले. चित्रकारांना हे शास्त्र माहीत नसेल, पण ती गडद रेघ त्यांना शेकडो वर्षं माहीत आहे. कुठे ती येऊ द्यायची आणि कुठे ओल्या ब्रशने पुसून टाकायची, यावर चित्राचा स्वभाव ठरतो.

गडद भागातला तो कातरलेला डाग वेगळ्या कारणाने आला आहे. वॉश अर्धवट सुकलेला असताना त्यावर जास्त ओला थेंब पडला की पाणी ओल्याकडून कोरड्याकडे धावतं आणि वाटेतला रंग ढकलत नेऊन कडेला ढीग लावतं. चित्रकार त्याला कॉलीफ्लॉवर म्हणतात, आणि दिसतोही तो तसाच. निसर्गचित्राच्या निवांत आभाळात असा गड्डा उगवला तर शिकवणारे कपाळाला हात लावतात. इथे तो दिमाखात बसला आहे. मी मित्राला विचारलं, हा मुद्दाम काढलास का? ‘नाही रे, पडला.’ मग? ‘मग बघत बसलो. आणि ठेवला.’

छत आणि फ्रेमच्या त्या सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर या ‘ठेवला’मध्ये आहे. छतावर पाणी पडतं, पण तिथे ठेवणारा कुणी नसतो. कागदावर मित्राला तो डाग ओला असतानाच टिपून घेता आला असता, वरून दुसरा थर देऊन दडपता आला असता, किंवा कागद फाडून नवा घेता आला असता. त्याने बघितलं, खालच्या जड गडद भागाला तिथे श्वासाची जागा मिळतेय हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने हात मागे घेतला. अमूर्त जलरंग पाहायचा म्हणजे अशा निर्णयांच्या मागावर जायचं. पाण्याने काय केलं, आणि त्यातलं माणसाने काय राहू दिलं.

हे सगळं दिसायला तीन ठिकाणी उभं राहावं लागतं. आधी लांब, खोलीच्या पलीकडच्या भिंतीला पाठ लावून. तिथून तोल कळतो: वजन कुठे आहे, नजर कुठून शिरते आणि कुठे अडते. मग हातभर अंतरावर. तिथून पोत दिसतो. आमच्या चित्रातला वरचा राखाडी निळा जवळून एकसंध नाहीच, त्यात बारीक रवा आहे. अल्ट्रामरीनसारख्या रंगांचे कण खरखरीत कागदाच्या खळग्यांमध्ये जाऊन बसतात, त्याने हा दाणेदारपणा येतो. थॅलो ब्लूसारखे रंग याच्या उलट. त्यांचे कण इतके बारीक की ते कागदाच्या तंतूंत शिरून डाग पाडतात, नंतर धुवायला गेलात तरी सोडत नाहीत. दोन्ही निळेच, पण एक कागदावर बसतो आणि दुसरा कागदात मुरतो. आणि तिसरं, थोडं बाजूला सरून, तिरप्या उजेडात. तिथून कागदाचा खरखरीतपणा कळतो आणि कुठे घासाघीस झाली आहे तेही उघडं पडतं.

दोन चाचण्या मी पाहुण्यांना नेहमी करायला लावतो. एक डोळा मिटा आणि अंगठा पुढे धरून लाल ठिपका झाका. चित्र लगेच उजवीकडून सैल पडतं, पट्टी चौकटीबाहेर घसरून जाईल असं वाटतं. अंगठा काढा, ठिपक्याने ती पुन्हा अडवली. केवढासा रंग आणि केवढं काम! आत्याच्या फ्लेमिंगोपेक्षा ठिपक्याची ही नोकरी मला जास्त महत्त्वाची वाटते. दुसरी चाचणी फोनवर: चित्राचा फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाइट करा. रंग गेले की टोन उरतात, म्हणजे कुठे किती गडद आणि किती फिकट. टोन पक्के असतील तर चित्र रंगांशिवायही उभं राहतं. नुसत्या गोड रंगांवर तरलेलं चित्र तिथे राखेचा गोळा होऊन बसतं. प्रदर्शनात मात्र फोटो काढण्याआधी विचारा.

पाणी म्हटलं की हवामान आलंच. ठाण्याच्या जुलैत एक वॉश सुकता सुकत नाही. हवेतच इतकं पाणी असतं की कागद ओल धरून बसतो, रंग जास्त लांब वाहतात, कडा मऊ होतात, आणि ज्याला धीर नाही तो अर्धवट ओल्यावर पुढचा थर देऊन चिखल करतो. डिसेंबरच्या कोरड्या दुपारी तोच माणूस, तेच रंग, तोच कागद, पण कडा करकरीत. कुणी हेअर ड्रायर वापरतं, कुणाला ती फसवणूक वाटते. मला त्यात काही वावगं वाटत नाही, फक्त ड्रायरने सुकवलेल्या वॉशमध्ये रंगाला निवांत बसायला वेळ मिळत नाही आणि तो दाणेदारपणा कमी येतो.

आता थोडा इतिहास, कारण ‘ही हल्लीची थेरं’ असंही ऐकू येतं. पॅरिसच्या पाँपिदू सेंटर या संग्रहालयाच्या संग्रहात रशियन चित्रकार वासिली कांडिन्स्कीचं एक बिनानावाचं जलरंगचित्र आहे, त्यावर साल आहे १९१०. पहिलं अमूर्त जलरंगचित्र म्हणून ते बराच काळ ओळखलं गेलं. पुष्कळ अभ्यासकांच्या मते ते प्रत्यक्षात १९१३च्या सुमाराचं आहे, आणि स्वीडनच्या हिल्मा आफ क्लिंट यांनी तर १९०६ सालीच अमूर्त चित्रं करायला घेतली होती. कुणी का पहिलं असेना, शंभर वर्षं उलटून गेलेली गोष्ट आहे. त्याच कांडिन्स्कीने लिहून ठेवलेला एक प्रसंग: संध्याकाळी स्टुडिओत शिरताना भिंतीला टेकलेलं एक विलक्षण सुंदर चित्र दिसलं, त्यात ओळखता येईल असं काही नव्हतं. जवळ गेल्यावर कळलं की ते त्याचंच चित्र होतं, आडवं ठेवलेलं. विषय ओळखू आल्याने आपल्या चित्रांचं नुकसानच होतं, असं त्याला तेव्हा जाणवलं.

आपल्याकडे येणारी वाट पाउल क्ले या युरोपातल्या चित्रकारावरून जाते. क्ले १९१४ साली ट्युनिशियाला गेला आणि तिथल्या उजेडात त्याने जे जलरंग केले, त्यात घरं आणि घुमट हळूहळू रंगांच्या चौकोनांत विरघळत गेले. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९४८ साली बाहेर पडलेल्या वासुदेव गायतोंडे यांच्या सुरुवातीच्या कामावर क्लेचा ठसा आहे. पुढे जे. जे.त वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या प्रभाकर कोलते यांच्यावरही. गायतोंड्यांची नावाजलेली चित्रं तैलरंगातली, पण जलरंग बघणाऱ्यानेही त्यांच्याकडून एक गोष्ट घ्यावी. दृश्यातून काही उचलून, गाळून केलेलं चित्र वेगळं आणि मुळात कुठल्याच वस्तूवरून न निघालेलं चित्र वेगळं, हा भेद त्यांनी कटाक्षाने पाळला आणि स्वतःला दुसऱ्या बाजूला ठेवलं. आत्याची खाडी पहिल्या प्रकारात शोभेल. माझा मित्र कुठल्या बाजूला आहे ते त्यालाही नक्की सांगता येत नाही. कळव्याला वाढलेल्या माणसाच्या हातात खाडीचे रंग आपोआप उतरत असतील, असं तो म्हणतो आणि विषय बदलतो.

मग सगळीच अमूर्त चित्रं चांगली का? छे. वाईट चित्रांची इथेही ददात नाही. ओल्या रंगावर मीठ टाकलं की चांदण्यांसारखे ठिपके उमटतात, प्लास्टिक चुरगळून दाबलं की बर्फाचे तडे दिसतात, ब्रश झटकला की शिंतोडे उडतात. शिकताना मजा येते. पण एकाच कागदावर मीठ, प्लास्टिक, शिंतोडे आणि वर सोनेरी रंग असेल, तर चित्रकाराने काहीच निवडलेलं नाही, हे समजा. दुसरी खूण मळकटपणाची: पुन्हा पुन्हा घासल्याने कागदाचा पापुद्रा निघालेला, रंग एकमेकांत कालवून मेलेले, उजेड आत शिरायला जागाच नाही. मळकट रंग मुद्दामही वापरता येतो, आमच्या चित्राच्या खालच्या भागात तो आहेच. पण तिथे तो एका दमात टाकलेला आहे आणि आतला कागद अजून श्वास घेतो. हा फरक शब्दांत मांडायला अवघड आहे, शेजारी शेजारी दोन कागद ठेवले तर लहान मूलही सांगेल.

म्हणूनच नुसते स्क्रीनवर जलरंग बघून भागत नाही. फोनचा पडदा मागून स्वतःच उजेड फेकतो, त्यामुळे कागदावरून परतणारा उजेड कसा दिसतो ते तिथे कळतच नाही, आणि दाणेदारपणा तर पार गुळगुळीत होऊन जातो. कापूरबावडीच्या कलाभवनात किंवा काळा घोड्याला जहांगीरमध्ये चित्रं लागली की जाऊन या. सगळी भिंत बघायची सक्ती करून घेऊ नका. एका फेरीत नजर टाका, एक चित्र निवडा आणि त्याच्यासमोरच थांबा. चित्रकार बहुधा तिथेच खुर्चीत बसलेला असतो. ‘याचा अर्थ काय?’ असं विचारलंत तर तो कंटाळलेलं उत्तर देईल. ‘ही कड अशी कशी आली?’ असं विचारून बघा, खुर्ची तुमच्याकडे सरकवेल.

विकत घेणार असाल तर कागद विचारा. पूर्ण कॉटनचा, ३०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) आसपासचा कागद असेल तर तो टिकतो. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद काही वर्षांत पिवळा पडतो, आणि जलरंगात कागद पिवळा पडला म्हणजे पांढरा रंगच पिवळा पडला. फ्रेम करताना चित्र काचेला चिकटू देऊ नका. मध्ये अॅसिड-फ्री माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट हवी, नाहीतर आपल्याकडच्या दमट हवेत काचेच्या आतून पाणी धरतं आणि कागदावर बुरशीचे तांबूस ठिपके येतात. बाहेरच्या बाजूची, पावसाचा मारा खाणारी भिंत टाळा. थेट ऊनही नको. संग्रहालयांत जलरंगांवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड पडू देत नाहीत, आणि खिडकीजवळची भिंत त्याच्या कित्येक पट उजळ असते. सगळे रंग सारखे उडत नाहीत. अल्ट्रामरीन दमदार आहे, जुना अॅलिझरिन क्रिमसन हा लाल रंग मात्र उन्हात फिका पडत जातो. आमच्या चित्रातला ठिपका अॅलिझरिनचा नाही, याची खात्री मी मित्राकडून आधीच करून घेतली आणि मग खिळा ठोकला.